अभिप्रायाचा देखावा

मराठीच्या प्राध्यापकांच्या संघटना आणि भाषा, साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र इत्यादी विषयांच्या परिषदा यांची वार्षिक अधिवेशने आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. ती तालुक्याच्या गावी भरतात, आणि तसे होणे इष्टच आहे. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले, विद्या प्रतिष्ठान ही संस्था १९७२ साली उभी राहिली. शेजारच्या इंदापुरातही कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. ज्या घरांत पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते त्या घरांतील मुलेमुली या भागात पदव्युत्तर अभ्यासापर्यंत पोचली. विद्याव्यवहाराच्या या विस्ताराकडून एक रास्त अपेक्षा होती. अधिवेशन गावी आले म्हणजे गावचा श्रोता व्यासपीठाला प्रश्न विचारील, व्यासपीठाला त्याचे उत्तर द्यावे लागेल आणि त्या देवघेवीत मराठी समीक्षेची भाषा, तिची उदाहरणे व तिचे निकष बदलतील, ही ती अपेक्षा होय.

प्रत्यक्षात या नव्या श्रोत्याच्या हाती पडले ते अभिप्रायपत्रक. अधिवेशनाच्या अखेरच्या सत्रात, आभारप्रदर्शन चालू असतानाच, ते वाटले जाते. अलीकडे भिंतीवरच्या चौकोनी संकेतचित्रावर मोबाईल धरला की ते पडद्यावर उघडते. त्यातील प्रश्न महाराष्ट्रात कोठेही गेले तरी बहुधा तेच असतात. बीजभाषण कसे वाटले? सत्रांचे नियोजन कसे होते? निवास व भोजन यांची व्यवस्था कशी होती? उत्तरासाठी पाच खणांची श्रेणी दिलेली असते आणि अनेक पत्रकांत तिची सर्वांत खालची पायरीही ‘समाधानकारक’ अशीच असते. शेवटी ‘अन्य सूचना’ या शीर्षकाखाली दोन ओळींची जागा. महिन्याभरात अहवाल तयार होतो आणि बहुसंख्य सहभागींनी अधिवेशन ‘उत्कृष्ट’ ठरविल्याचे त्यात नमूद होते. हा अहवाल पुढच्या अधिवेशनात कोणी वाचत नाही, त्यावर चर्चा होत नाही आणि ज्यांनी खुणा केल्या त्यांनाही तो क्वचितच पाहावयास मिळतो.

ही पद्धत निरुपद्रवी आहे, असे तिचे समर्थक म्हणतात. किंबहुना ती लोकशाहीची खूण आहे, असाही त्यांचा दावा असतो. हा दावा तपासून पाहिला पाहिजे, कारण जी विद्याशाखा वाचक, श्रोता, आस्वाद आणि समीक्षा यांचाच विचार करते, तिने आपल्या श्रोत्याचे काय केले आहे, हा प्रश्न तिच्या अस्तित्वाशी निगडित आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. संस्कृतात ‘अभिप्राय’ म्हणजे हेतू, आशय, बोलणाऱ्याच्या मनातील अर्थ. मराठीत हा शब्द ऐकणाऱ्याच्या, वाचणाऱ्याच्या मताकडे वळला. या अर्थांतरात एक गृहीत दडलेले आहे: दुसऱ्याच्या आशयापर्यंत जो पोचला त्यालाच मत देण्याचा अधिकार प्राप्त होतो. नियतकालिकांकडे पुस्तके ‘अभिप्रायार्थ’ पाठविण्याची जी प्रथा मराठीत रुजली तिच्या मुळाशी हेच गृहीत होते. अभिप्राय म्हणजे ग्रंथ वाचून, कारणे देऊन, छापून प्रसिद्ध केलेले मत. त्याला उत्तर देता येत असे, त्याचे खंडन करता येत असे आणि त्यातून वाद पेटत. पाच खणांपैकी एकात केलेल्या खुणेचे खंडन करता येत नाही. तिला कारण नसते, म्हणून तिला उत्तरही नसते. मराठीच्या वर्गात ‘कविता आवडली’ एवढे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळत नाहीत. का आवडली, ते रचनेच्या आधारे दाखव, असे त्याला बजावले जाते. तेच अध्यापक अधिवेशनाच्या शेवटी त्याच विद्यार्थ्याला ‘कार्यक्रम आवडला का?’ एवढेच विचारतात, ही विसंगती त्यांच्या लक्षात येऊ नये हे आश्चर्य आहे.

साहित्यसिद्धांताच्या अभ्यासकांना ही गोष्ट अधिक नेमकेपणे मांडता येईल. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कॉन्स्टान्झ विद्यापीठातील व्याख्यानात साहित्याचा इतिहास वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजावरून लिहिण्याची भूमिका मांडली. वोल्फगांग ईझर यांनी संहितेच्या रचनेतच अनुस्यूत असलेल्या वाचकाची संकल्पना विशद केली. मराठी विभागांतून या दोघांवर कितीतरी निबंध वाचले गेले आहेत. मग हीच दृष्टी अभिप्रायपत्रक नावाच्या संहितेला लावून का पाहू नये? या संहितेत अनुस्यूत असलेला श्रोता कोण आहे? तो जेवतो, झोपतो, पिशवी आणि प्रमाणपत्र घेतो. व्याख्यान त्याला ‘वाटते’. ते तो समजून घेतो, त्याविषयी साशंक होतो, त्यातील पुरावा तपासतो, असे पत्रकाला अपेक्षितच नाही. मराठी कथेतील जातवास्तवाविषयी सत्रात केलेले विधान चुकीचे आहे, असे ज्याला वाटते त्याने कोणत्या खणात खूण करावी? या पत्रकाचा अभिप्रेत श्रोता आधीच समाधान पावलेला आहे. समाधानाची मात्रा तेवढी त्याने सांगायची उरली आहे. अभिनवगुप्ताचा ‘सहृदय’ काव्याशी तन्मय होण्याइतका तयारीचा रसिक होता. त्याच्या परंपरेचा अभिमान मिरविणाऱ्यांनी त्याच्या जागी आणून बसविला आहे तो ग्राहक.

समाधानाची मोजदाद आणि ज्ञानाचा लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगाला ठाऊक नाही असे नव्हे. अमेरिकेत १९७० साली एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ असे नाव देऊन वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित श्रोत्यांपुढे उभे करण्यात आले. विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती क्रीडासिद्धांताचा उपयोग. परस्परविरोधी विधाने, नव्याने घडविलेले निरर्थक शब्द आणि विनोद यांनी ते व्याख्यान मुद्दाम भरलेले होते. प्रत्यक्ष ऐकणारे आणि नंतर त्याचे चित्रमुद्रण पाहणारे अशा तीन गटांतील ५५ श्रोत्यांनी प्रश्नावली भरून दिली आणि त्यांचा कौल एकंदरीत अनुकूल पडला. हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्याही आधी, १९५९ साली, डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या सांगितल्या होत्या. सहभागींना कसे वाटले ही त्यांतील पहिली पातळी. ते काय शिकले, त्यांच्या कामात काय बदलले आणि त्याचा परिणाम काय झाला, या पुढच्या तीन. आपली अधिवेशने पहिल्या पायरीवरच बैठक मारून बसली आहेत आणि त्यालाच शिखर म्हणत आहेत.

मग हे पत्रक भरून घेण्याचा अट्टहास कशासाठी? याचे उत्तर विद्याव्यवहारात सापडत नाही. ते दप्तरात सापडते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) १९९४ साली स्थापन झाली. तिच्या २०१७ सालच्या सुधारित पद्धतीत अभ्यासक्रमविषयक अभिप्रायासाठी एक उतरंड होती. अभिप्राय गोळा केला, त्याचे विश्लेषण केले, त्यावर कार्यवाही केली आणि हे सर्व संकेतस्थळावर ठेवले, तर सर्वांत वरचे स्थान. मग एकेक गोष्ट वजा होत ‘गोळा केला नाही’ हे सर्वांत खालचे. या उतरंडीत अभिप्राय काय होता, याला स्थान नव्हते. तो गोळा झाला की नाही, एवढेच विचारले जाई. ही सवय अभ्यासक्रमापुरती राहिली नाही. प्रत्येक कार्यक्रमाच्या धारिकेत निमंत्रणपत्रिका, छायाचित्रे, हजेरीपट आणि अभिप्रायांचे विश्लेषण असलेच पाहिजे, असा दंडक पडला. दुसऱ्या बाजूने, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमांनी परिषदेतील निबंधवाचनाला गुण जोडले: आंतरराष्ट्रीय परिषदेत १०, राष्ट्रीय परिषदेत ७.५, राज्यस्तरीय परिषदेत ५. २०१८ सालच्या नियमांत आकडे बदलले, पण गुणांचा हिशेब कायम राहिला. प्रमाणपत्राला असे मोल आल्यावर पत्रक भरल्याखेरीज प्रमाणपत्र नाही, ही युक्ती आयोजकांना सुचणे ओघानेच आले. तात्पर्य, ज्या क्षणी श्रोत्याचे मत विचारले जाते त्याच क्षणी त्याची पदोन्नती किंवा प्रबंधाची अट आयोजकाच्या मुठीत असते. अशा स्थितीत केलेल्या खुणेला मत म्हणणे हा मत या शब्दाचा अपमान आहे.

ही पराधीनता मराठी परंपरेला साजेशी आहे काय? ज्ञानेश्वरीत श्रोते मुके बसत नाहीत. वक्ता त्यांच्याकडे अवधान मागतो, आणि विषयांतर झाले तर ते त्याला हटकून कथेवर आणतात. दासबोधात पहिल्याच दशकात श्रोत्यांचे स्तवन आहे आणि पुढे जागोजाग श्रोत्याची आशंका उभी करून तिचे निरसन केलेले आहे; आशंका काढून टाकल्या तर त्या ग्रंथाची बांधणीच ढासळेल. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धांताला उभे राहता येत नाही. बारामतीलाही श्रोता नवा नाही. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत (१७२९-१७९४) याच गावी स्थिरावले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे पुराण सांगत राहिले आणि येथेच निवर्तले. अर्थात त्या श्रोतृवर्गाची व्याप्ती जातीने आणि आश्रयाने आखलेली होती, हे विसरून गतकाळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ऐकणाऱ्याच्या शंकेने सांगणाऱ्याची संहिता घडते, एवढा वारसा मात्र त्यातून घेण्यासारखा होता. तो सोडून आपण ‘पुराणातली वांगी पुराणात’ ही म्हण तेवढी घेतली: व्यासपीठावर वाचकाच्या स्वातंत्र्याचा सिद्धांत, आणि सभागृहात पाच खण.

परंपरेचे राहू द्या. या दोन तालुक्यांतील वर्तमान व्यवहाराकडे पाहिले तरी पुरे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी साखर कारखाने येथे आहेत आणि त्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा वादळी होतात, अशी बातमी वाचण्याची महाराष्ट्राला सवय आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या ७५ व्या कलमान्वये हिशेब आणि अहवाल या सभेपुढे ठेवावेच लागतात. छापील अहवाल हाती घेऊन सभासद उभा राहतो आणि ऊसदर, काटा, साखरेचा उतारा, तोडणीचा कार्यक्रम यांविषयी अध्यक्षाला जाब विचारतो. या सभांतही ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषय उरकले जातात, गटातटाचे राजकारण चालते, ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती द्यायचा हे आधी ठरते. परंतु तेथे ‘मंजूर’च्या गजराला कोणी सभासदांचा अभिप्राय म्हणत नाही, तो गजर म्हणजे प्रश्न दडपण्याची रीत आहे, हे सर्वांना कळते. विद्वानांच्या अधिवेशनात तोच गजर टक्केवारीच्या रूपाने होतो आणि त्याला गुणवत्तेचा पुरावा मानतात. वडील कारखान्याच्या सभेत उताऱ्याचा हिशेब मागतात आणि मुलगी अधिवेशनात ‘भोजनव्यवस्था’ या रकान्यापुढे खूण करते, असे चित्र जर दिसत असेल तर उच्च शिक्षणाने तिला काय दिले, याचे उत्तर विद्यापीठीय वर्गाने दिले पाहिजे.

याहून गंभीर दोष निराळाच आहे. उपस्थितांचा अभिप्राय घेणारी कोणतीही पद्धत अनुपस्थितांना गणतीतून वगळते. मराठीत परिषदेविषयीचा सर्वांत महत्त्वाचा अभिप्राय मात्र न आलेल्या माणसाने दिलेला आहे. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. १८८५ साली तेथेच दुसरे भरले, तेव्हा त्याचे निमंत्रण महात्मा फुले यांना गेले होते. त्यांनी येण्याचे नाकारले आणि पत्राने कारणे कळविली. जे लोक सर्वांचे मानवी हक्क व्यवहारात मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ‘ज्ञानोदया’ने जून १८८५ मध्ये ते पत्र छापले. त्या संमेलनाच्या कामकाजापेक्षा हे पत्रच आज अधिक वाचले जाते. १९५८ साली मुंबईत भरलेले पहिले दलित साहित्य संमेलन आणि १९९९ साली धारावीत भरलेले पहिले विद्रोही साहित्य संमेलन ही त्याच नकाराची पुढली रूपे म्हणता येतील. मांडवाबाहेरच्यांनी दिलेल्या या उत्तरांनी मराठी साहित्यविचाराची दिशा बदलली. यांतील एकही उत्तर कोणत्याही प्रश्नावलीत मावले नसते.

आजचे अनुपस्थित कोण आहेत? तासिका तत्त्वावर शिकविणारे अध्यापक आहेत. ते जितके तास घेतील तितक्याच तासांचे मानधन त्यांना मिळते, म्हणून अधिवेशनाचे दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची बुडालेली कमाई, आणि वर नोंदणीशुल्क. एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनी आहेत. निमगाव केतकीकडे, बावड्याकडे किंवा सुप्याकडे जाणारी गाडी गाठावयाची असेल तर त्यांना संध्याकाळच्या आत सभागृह सोडावे लागते. आणि खुली चर्चा कार्यक्रमपत्रिकेत नेमकी दिवसाच्या शेवटी असते, तीही बहुधा ‘वेळेअभावी’ रद्द होण्यासाठीच. पत्रक समारोपाच्या वेळी भरून घेतले जात असल्याने लवकर उठलेल्यांचे मत आपोआप गळते. उरलेल्यांच्या समाधानाची टक्केवारी मग उंच येते, यात नवल काय?

या टीकेवर दोन आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला असा की खुल्या चर्चेत बोलण्याचे धाडस सर्वांना परवडत नाही. सत्राध्यक्ष हेच उद्या प्रबंधाचे परीक्षक किंवा निवडसमितीतील तज्ज्ञ असू शकतात. अशा वेळी निनावी पत्रक हाच दुबळ्याचा आसरा. हे भय खरे आहे. परंतु प्रमाणपत्रासाठी नाव, महाविद्यालय, भ्रमणध्वनी आणि ईमेल लिहून घेणारे पत्रक निनावी कसे? जे संरक्षण पत्रक देतच नाही त्याच्या नावाने त्याचे समर्थन करणे योग्य नव्हे. शिवाय विद्यार्थ्याला परीक्षकाचे भय वाटत असेल तर ते विद्याव्यवहाराचे दुखणे आहे. त्यावर खुणांचे पांघरूण घालून ते बरे होणार नाही. दुसरा आक्षेप असा की पाणी, स्वच्छतागृहे, निवास, ध्वनिक्षेपक या गोष्टींना तुच्छ लेखणे ही सुखवस्तूंची चैन आहे. हेही मान्य केले पाहिजे. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह धड नसेल तर अधिवेशन त्यांच्यासाठी बंदच आहे, असे समजावे. म्हणूनच अशा गोष्टींची तक्रार पहिल्याच दिवशी, दुरुस्ती शक्य असताना, घेतली पाहिजे. समारोपाच्या वेळी ती विचारणे म्हणजे पंगत उठल्यावर मीठ हवे का विचारणे.

तेव्हा तक्रार आणि अभिप्राय यांची फारकत ही पहिली सुधारणा. प्रमाणपत्राचा संबंध हजेरीपटाशी ठेवावा, पत्रकाशी ठेवू नये. निबंध पंधरा दिवस आधी सहभागींना मिळावेत आणि प्रत्येक सत्राचा निम्मा वेळ चर्चेला राखावा. ती चर्चा दुपारच्या जेवणापूर्वी व्हावी. अधिवेशन संपल्यावर महिन्याभराची मुदत देऊन तीनच प्रश्न विचारावेत. कोणते प्रतिपादन अमान्य आहे आणि का? कोणता पुरावा किंवा कोणते पूर्वीचे काम दुर्लक्षिले गेले? कोण येथे असावयास हवे होते आणि नव्हते? नाव द्यायचे की नाही हे उत्तर देणाऱ्याने ठरवावे. निनावी उत्तर खरोखरच निनावी राहील, याची हमी संघटनेने द्यावी. न आलेल्या सभासदांनाही तिसरा प्रश्न पाठवावा. निबंधकारांनी आक्षेपांना लेखी उत्तरे द्यावीत आणि आक्षेप व उत्तरे दोन्ही वार्षिक अंकात छापावीत. पुढील अधिवेशनाचे पहिले सत्र गतवर्षीच्या आक्षेपांनी सुरू व्हावे. ज्यांना उत्तर मिळाले नाही त्यांची यादी तेथे वाचली जावी.

हे खर्चिक नाही. एका बीजभाषकाच्या सत्कारावरील खर्चात आक्षेपांची पुरवणी छापून निघेल. अडचण पैशाची नसून सवयीची आहे, आणि सवयीमागे भीती आहे. लेखी आक्षेपाला लेखी उत्तर द्यावे लागले तर तेच बीजभाषण चार गावी वाचता येणार नाही. उत्तरदायित्व या शब्दाचा धात्वर्थ उत्तर देणे लागणे हाच आहे. अधिवेशन भरविणारी संघटना आपल्या श्रोत्याला उत्तर देणे लागते, हे तिने मान्य केले तर इंदापूरच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थिनीचा आक्षेप पुण्यातील प्राध्यापकाला वाचावा लागेल आणि मराठी समीक्षेच्या निकषांना तालुक्याच्या अनुभवाची कसोटी लागेल. तोवर अधिवेशनाच्या शेवटी जे भरून घेतले जाते त्याला अभिप्राय म्हणू नये. हजेरीची पावती म्हणावे.